आधी जामीनदार मोकळा करा

यवतमाळ जिल्हा आणि कर्ज हे दोन शब्द महाराष्ट्रात इतक्या वेळा एकत्र उच्चारले गेले आहेत, की आता या विषयात नवे काही सांगण्यासारखे उरले नसेल असे कोणालाही वाटावे. मार्च 1986 मध्ये महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने जीवन संपवले. त्या घटनेपासून समित्या, अहवाल, दौरे आणि पॅकेज यांची रांग लागली. 2006 मध्ये पंतप्रधान विदर्भात येऊन गेले आणि सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर झाले. 2008, 2017 आणि 2019 मध्ये कर्जमाफी झाली. या साऱ्या चर्चेत कर्जदार कायम गावातच दिसतो. तो वावरात असतो, सोसायटीच्या थकबाकीदारांच्या यादीत असतो, बँकेच्या दारात उभा असतो. पण आता एक दुसरा कर्जदारही तयार झाला आहे आणि त्याच्याकडे कोणाचे फारसे लक्ष नाही. त्याचे कर्ज जिल्ह्यात आहे आणि तो स्वतः देशाबाहेर. कोणी परदेशी विद्यापीठासाठी शैक्षणिक कर्ज काढले, कोणी आखातातल्या नोकरीसाठी पतसंस्थेकडून आणि नातेवाइकांकडून पैसे उचलले, तर कोणी चांगल्या पगाराच्या काळात घरासाठी कर्ज घेतले आणि मग हप्ते थांबले. काही वर्षांनी तो परततो, किंवा त्याला परतावे लागते, तेव्हा प्रश्न एकच असतो. हाती आहे ते थोडे, देणी अनेक, मग आधी कोणाचे द्यायचे? हिशेबनीस सांगतो, ज्याचे व्याज जास्त त्याचे. घरचे म्हणतात, जो दारात येऊन ओरडतो त्याचे. बँकेचा माणूस अर्थातच स्वतःचे पुढे करतो. माझे म्हणणे वेगळे आहे. आपल्या गैरहजेरीत ज्या कर्जाचा भार दुसऱ्या माणसाच्या अंगावर पडला, ते कर्ज सर्वांत आधी. व्याजाचा दर, वसुलीचा दबाव, कोर्टाची भीती हे सगळे त्यानंतर.

हे पटण्यासाठी आधी या कर्जाचा आकार पाहावा लागतो, आणि तो यवतमाळच्या मापाने पाहावा लागतो. समजा एका विद्यार्थ्याने 11 टक्के व्याजाने 20 लाखांचे शैक्षणिक कर्ज घेतले. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यानंतरची एक वर्षाची सवलत, अशी तीन वर्षे हप्ता नाही. पण साधे व्याज चढतच असते, त्याचे झाले 6 लाख 60 हजार. म्हणजे परतफेड सुरू होताना देणे 26 लाख 60 हजार. दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर महिन्याचा हप्ता साधारण 36,600 रुपये, वर्षाचे जवळपास 4 लाख 40 हजार. परदेशात नोकरी लागली तर ही रक्कम जड असली तरी अशक्य नसते. उलट रुपया घसरत गेला की परकीय चलनात कमावणाऱ्याला हप्ता हलकाच होत जातो. आता हाच हप्ता कापसात मोजू. 2025-26 च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये ठरला. पूर्ण हमीभाव मिळाला असे धरले तरी वर्षाच्या हप्त्यांना 54 क्विंटल कापूस लागतो. कोरडवाहू जमिनीत एकरी चार-पाच क्विंटलचा उतारा धरला, तर अकरा ते साडेतेरा एकरांतला सगळा कापूस त्यात गेला. बियाणे, खत, फवारणी, वेचणी यांतले काहीच यात वजा केलेले नाही. राळेगावच्या किंवा केळापूरच्या कुठल्याही घरात हा हिशेब मांडून पाहावा. डॉलरच्या भरवशावर काढलेले कर्ज कापसावर फिटत नाही. मुलगा परदेशात अडचणीत आला की ते कर्ज मुलाचे राहत नाही, बापाच्या वावरावर येते. आणि ते वावर आधीच पीककर्जाखाली असते.

शैक्षणिक कर्जाची घडणच तशी आहे. बँकांच्या संघटनेच्या नमुना योजनेनुसार 4 लाखांपर्यंत तारण लागत नाही, 7.5 लाखांपर्यंतही मालमत्ता मागितली जात नाही, पण त्यापुढे ठोस तारण द्यावे लागते. आणि आई किंवा वडील सहकर्जदार असतातच. परदेशी शिक्षणाचे कर्ज 7.5 लाखांत कुठे बसते? म्हणजे तारण आलेच. तारण म्हणजे गावातले घर, तालुक्याच्या ठिकाणचा प्लॉट, किंवा एखाद्या नातलगाची मालमत्ता. सरकारी मदतीचे दोर मात्र परदेशी शिक्षणाच्या बाजूला आखडत चालले आहेत. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणकर्जावरच्या व्याजाला मदत करणारी ‘पढो परदेश’ योजना 2022-23 पासून बंद झाली. नोव्हेंबर 2024 मध्ये आलेली पीएम-विद्यालक्ष्मी देशातल्याच निवडक संस्थांपुरती आहे. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे आणि ती ज्याला मिळते त्याचे भाग्य उजळते, पण तिच्या जागा मोजक्या. यवतमाळमधून उभी राहिलेली एकलव्य इंडिया फाउंडेशन घरातल्या पहिल्या शिकणाऱ्या पिढीला मोठ्या विद्यापीठांची वाट दाखवते आहे, ही जिल्ह्यासाठी अभिमानाची गोष्ट आहे. मात्र शिष्यवृत्तीवर जाणाऱ्या एकामागे कर्ज काढून जाणारे किती, हा प्रश्न वाट दाखवणाऱ्या सगळ्यांनीच जवळ ठेवला पाहिजे.

आखाती नोकरीचे कर्ज वेगळ्या जातीचे. त्यात कागद कमी आणि माणसे जास्त असतात. परवानाधारक भरती एजंटाला उमेदवाराकडून 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते, असा नियम आहे. प्रत्यक्षात त्याहून कितीतरी अधिक मोजणारे लोक असतात, आणि ती वरची रक्कम बँक देत नाही. ती मेहुण्याकडून येते, बहिणीच्या दागिन्यांवर येते, आईच्या बचत गटातून येते, नाहीतर टक्केवारीने देणाऱ्या सावकाराकडून येते. पुसद, महागाव, उमरखेड भागातल्या तांड्यांमधून ऊसतोडीला जाणाऱ्यांना हे गणित समजावून सांगावे लागत नाही. मुकादमाची उचल घेऊन गेलेला माणूस हंगामभर राबतो आणि परत येताना उचल फिटलेली नसली तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच टोळीत जातो. आखातातल्या कामगाराचे पहिले वर्ष-दीड वर्ष अशाच फेडीत जाते. मध्येच काम सुटले तर देणे तसेच गावात वाट पाहत राहते.

लांब गेलेल्या माणसाच्या मनात एक समज घर करून असतो की तीन वर्षे गेली की कर्ज आपोआप बुडते. हा समज अर्धवट कायद्यावर उभा आहे. मुदत कायदा 1963 नुसार साध्या कर्जाच्या वसुलीचा दावा तीन वर्षांत करावा लागतो हे खरे. पण त्याच कायद्याच्या कलम 15 च्या पाचव्या पोटकलमात सांगितले आहे की प्रतिवादी भारताबाहेर असेल तो काळ मुदतीतून वगळायचा. म्हणजे अबू धाबीत किंवा मेलबर्नमध्ये काढलेली पाच वर्षे घड्याळात धरलीच जात नाहीत. जो गावात राहिला त्याची मुदत संपू शकते, जो देश सोडून गेला त्याची थांबून राहते. शिवाय मुदत संपण्याआधी कर्ज मान्य असल्याचे लिहून दिले, किंवा स्वतःच्या सहीने थोडी रक्कम भरली, की मुदत नव्याने सुरू होते. गहाणावरच्या कर्जाला तर बारा वर्षांची मुदत आहे. आणि मुदत संपली तरी कोर्टाचा दरवाजा बंद होतो, देणे संपत नाही. मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे लेखी वचन दिले तर करार कायद्याच्या कलम 25 नुसार ते पुन्हा बंधनकारक होते. परदेशात राहून मुदत संपवू पाहणाऱ्या कर्जदाराची वाट कायद्याने मुद्दाम बंद केली आहे.

दुसरी भीती उलट्या टोकाची: विमानतळावर पकडतील. इथेही खरे आणि ऐकीव यांची सरमिसळ आहे. कर्ज न फिटणे हा गुन्हा नाही. 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात स्पष्ट केले की केवळ पैसे नाहीत म्हणून कर्जदाराला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही. देण्याची ऐपत असून बुडवणाऱ्याची गोष्ट वेगळी. 2018 पासून सरकारी बँकांच्या प्रमुखांना थकबाकीदाराविरुद्ध लुकआउट नोटीस मागण्याचा अधिकार दिला गेला होता. तो मुंबई उच्च न्यायालयाने 23 एप्रिल 2024 च्या निकालाने रद्द ठरवला. न्यायालयाने किंवा कर्जवसुली न्यायाधिकरणाने दिलेले आदेश मात्र त्यात येत नाहीत, हे विसरू नये. खरा धोका बहुतेकांच्या लक्षातच नसतो, तो म्हणजे जाताना सही करून ठेवलेले कोरे चेक. पतसंस्थेत, फायनान्स कंपनीत, सावकाराकडे असे चेक पडून असतात. ते वटले नाहीत की परक्राम्य संलेख कायद्याचे कलम 138 लागते, आणि ते फौजदारी प्रकरण आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षेचे. समन्स गावच्या पत्त्यावर येते, म्हातारे आई-वडील ते कपाटात ठेवून देतात, तारखा पडत राहतात आणि पुढे वॉरंट निघते. परतणाऱ्याने सर्वांत आधी जिल्हा न्यायालयाच्या संकेतस्थळावर स्वतःच्या नावाने शोध घ्यावा, त्याला खर्च काही नाही. याचीच दुसरी बाजू अशी की आता परदेशातले देणेही तिथेच सुटत नाही. जानेवारी 2020 मध्ये केंद्राने संयुक्त अरब अमिरातीला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44-अ खाली परस्पर देश म्हणून जाहीर केले. त्यामुळे दुबईतल्या न्यायालयाचा हुकूमनामा भारतातल्या जिल्हा न्यायालयात अंमलबजावणीसाठी आणता येतो.

आता मूळ मुद्द्याकडे. करार कायद्याचे कलम 128 सांगते की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच आहे. आधी कर्जदाराच्या मागे लागा, तो न सापडला तर जामीनदाराकडे या, असा क्रम कायद्यात नाही. बँक थेट जामीनदाराला धरू शकते. कर्जदार देशाबाहेर असेल तर ती तसेच करणार, कारण जामीनदार कळंबमध्ये किंवा आर्णीत सापडतो, त्याला पगार असतो, सातबारा असतो. सहकारी संस्थांची वसुली तर आणखी सोपी आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 101 खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो आणि त्यावर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होऊ शकते; विशेष वसुली अधिकारी जंगम-स्थावर जप्तीला निघतो. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलेला शाळामास्तर पगारातून कपात सोसत बसतो, आणि त्याची बातमी दोहाला पोचतही नाही. बचत गटात जामीनदार कोणी नसतो, पण सगळ्या बायका एकमेकींच्या जामीनदार असतात. गटातल्या एका घरचा हप्ता थांबला की बाकीच्यांना तो भरावा लागतो, नाहीतर गटाला पुढचे कर्ज मिळत नाही. मुलाच्या व्हिसासाठी आईने गटातून उचललेले 50,000 रुपये हे दहा बायकांचे कर्ज असते.

याच्या पुढची पायरी जास्त जिव्हारी लागते. वडील शैक्षणिक कर्जात सहकर्जदार असतात. ते खाते एनपीए झाले की वडिलांचा सिबिल पडतो. जून-जुलैत ते पीककर्जाला जातात तेव्हा बँकेच्या पडद्यावर मुलाची थकबाकी दिसते. राज्य सरकारने पीककर्जाला सिबिल पाहू नका असे बँकांना वेळोवेळी बजावले आहे, आणि बँका वेळोवेळी काय करतात ते शेतकऱ्यांना ठाऊक आहे. बँकेतून परत फिरलेला माणूस पेरणी सोडत नाही, तो कृषी केंद्रात उधारीने बियाणे घेतो किंवा सावकाराकडे जातो. परदेशातल्या मुलाचा न भरलेला हप्ता अशा रीतीने वणीच्या वा घाटंजीच्या एखाद्या दुकानाच्या वहीत, वेगळ्या व्याजाने, वडिलांच्या नावावर लिहिला जातो. बँकेच्या खात्यावर ते नुकसान कुठेच दिसत नाही. मी परतफेडीचा क्रम माणसांवरून ठरवावा म्हणतो तो एवढ्यासाठीच.

यावर हिशेबाचा आक्षेप येणार, आणि तो फालतू नाही. क्रेडिट कार्डाचे व्याज वर्षाला 40 टक्क्यांच्या घरात जाते, शैक्षणिक कर्जाचे 10-12 टक्के. स्वस्त कर्ज आधी फेडून महाग कर्ज वाढू देणे म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणे, असे कोणीही हिशेबी माणूस म्हणेल. जेव्हा दोन्ही कर्जे फक्त आपल्याच नावावर असतात तेव्हा हा सल्ला बिनचूक आहे आणि तो मानलाच पाहिजे. पण तो आपल्या एकट्याच्या खिशाचा हिशेब आहे. जामीनदाराच्या पगारातून गेलेला हप्ता, वडिलांनी सावकाराला दिलेले व्याज, थांबलेले बचत गटाचे कर्ज हे त्यात धरले, तर 11 टक्क्यांचे कर्ज 11 टक्क्यांचे राहत नाही. शिवाय महाग कर्ज देणारी बँक तडजोड करू शकते. रिझर्व्ह बँकेच्या जून 2023 च्या परिपत्रकाने बँकांना तडजोडीची रीतसर चौकट आखून दिली आहे. जामीनदाराने भरलेली रक्कम मात्र कोणी माफ करत नाही. करार कायद्यानुसार तो ती कर्जदाराकडून वसूल करू शकतो. पण साडू आपल्या साडूवर दावा लावत नाही, तो बोलणे बंद करतो. कायदा ज्याच्या हाती असूनही ज्याला तो वापरवत नाही, त्याचे देणे आपण कायद्याच्या धाकाने देणार नाही हे उघड आहे. म्हणूनच ते ठरवून आधी द्यावे लागते.

दुसरा आक्षेप जिल्ह्याच्या अनुभवातून येतो: थांबा, कर्जमाफी होईल. पण तिन्ही योजनांचे तपशील पाहिले तर ही आशा किती अरुंद पायावर उभी आहे ते कळते. 2008 ची केंद्राची माफी 31 मार्च 2007 पर्यंत वाटलेल्या शेतीकर्जाला होती. पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला आणि वरच्यांना 25 टक्के सवलत, म्हणून पाच एकरांहून थोडे जास्त कोरडवाहू असलेला वऱ्हाडातला शेतकरी पूर्ण माफीबाहेर राहिला, ही तक्रार तेव्हापासून चालू आहे. 2017 च्या योजनेत मर्यादा दीड लाख, 2019 च्या योजनेत 2 लाख, आणि तीही 1 एप्रिल 2015 ते 31 मार्च 2019 या काळात घेतलेल्या पीककर्जाला. ऑक्टोबर 2025 मधल्या नागपूरच्या शेतकरी आंदोलनानंतर सरकारने 30 जून 2026 पर्यंत निर्णयाचे आश्वासन दिले, तेही शेतीकर्जापुरतेच. शैक्षणिक कर्ज, पतसंस्थेचे कर्ज, घरकर्ज, वैयक्तिक कर्ज यांना आजवरच्या कुठल्याच कर्जमाफीने हात लावलेला नाही. मुलाच्या परदेशी शिक्षणाचे हप्ते कर्जमाफीच्या आशेवर थांबवणे म्हणजे दुसऱ्याच्या नावाच्या मनीऑर्डरची वाट पाहणे आहे. संस्था बुडाली तर कर्ज बुडेल, हीसुद्धा अशीच एक आशा. यवतमाळच्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2022 मध्ये रद्द केला. अशा वेळी ठेवीदाराला ठेव विम्यातून 5 लाखांपर्यंत मिळते, कर्जदाराला मात्र काहीच सुटत नाही. वसुली अवसायकाच्या हाती जाते, एवढाच फरक.

तिसरा आक्षेप रागाचा आहे आणि त्यात सत्याचा अंश मोठा आहे. विजय माल्या मार्च 2016 मध्ये देश सोडून गेला, नीरव मोदी जानेवारी 2018 मध्ये; त्यांच्यासाठी 2018 चा फरार आर्थिक गुन्हेगार कायदा करावा लागला, आणि तो 100 कोटी व त्याहून मोठ्या प्रकरणांनाच लागू आहे. मग वीस लाखवाल्याने नैतिकतेचे ओझे का वाहायचे? शिवाय कर्ज विकताना बँकेने आणि सल्लागाराने नोकरीची स्वप्ने दाखवली, त्याची जबाबदारी कोणाची? जून 2022 अखेर शैक्षणिक कर्जांपैकी 7.82 टक्के थकीत होती. एवढे सगळे विद्यार्थी लबाड असतील असे कोणी म्हणणार नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनमधून वैद्यकीय विद्यार्थी जीव मुठीत धरून परतले तेव्हा बँकांची त्यांच्यापैकी 1,319 जणांकडे 121 कोटींहून अधिक बाकी होती. युद्ध काही त्यांनी पुकारले नव्हते. या इतिहासात महाराष्ट्राचे सर्वांत मोठे नावही येते. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये बडोदा संस्थानाच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याच्या करारावर. 1917 मध्ये ते करार पाळायला बडोद्याला गेलेही, पण अस्पृश्य म्हणून त्यांना राहायला जागा मिळाली नाही, पारशी विश्रांतिगृहातून हाकलले गेले, आणि काही दिवसांत नोकरी सोडून मुंबईला यावे लागले. पुढे संस्थानाने त्यांच्याकडे पैशांची मागणी केली. तो करार कोणामुळे मोडला, हा प्रश्न आजही विचारता येतो. कर्ज थकण्यात देणाऱ्याचा, व्यवस्थेचा, समाजाचा वाटा असू शकतो हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच बँकेशी तडजोड मागण्यात कमीपणा मानू नये, व्याजात सूट हक्काने मागावी. पण हा युक्तिवाद बँकेपुढे चालतो. ज्या आत्याने कानातले मोडून पैसे दिले तिच्यापुढे माल्याचे नाव घेऊन काय उपयोग? बँकेवरचा राग आणि जामीनदाराचे देणे ही दोन वेगळी खाती आहेत, ती एकत्र केली की पहिल्याचा फायदा होत नाही आणि दुसरा मात्र बुडतो.

सावकाराच्या कर्जाबाबत मात्र माझ्या क्रमाला एक अपवाद जोडला पाहिजे. तो दारात येऊन बसतो, आई-वडिलांना त्रास देतो, म्हणून परतलेला मुलगा आधी त्याचेच पैसे फेकतो. हे समजण्यासारखे आहे, पण घाईचे आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा 2014 लागू झाल्यानंतर शेतकऱ्याला तारणावर वर्षाला 9 टक्के आणि विनातारण 12 टक्के, इतरांना 15 आणि 18 टक्के हेच दर परवानाधारक सावकाराला लावता येतात, चक्रवाढ नाही. परवाना नसेल तर तो धंदाच बेकायदा. सावकारीच्या व्यवहारात शेत लिहून घेतले असेल तर पंधरा वर्षांच्या आतल्या व्यवहाराबाबत जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो आणि चौकशीत सिद्ध झाल्यास जमीन परत मिळू शकते. महिन्याला पाच टक्के मागणाऱ्याला नोटांची गड्डी देण्यापूर्वी तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे त्याचा परवाना आहे का एवढे विचारावे. मुद्दल घेतले असेल तर ते द्यावेच. पण वरच्या व्याजाला घाबरून जामीनदाराच्या वाटणीचे पैसे तिकडे वळवणे मला मान्य नाही.

वडील वारल्यानंतर परतणाऱ्यांचा प्रश्न थोडक्यात सांगतो. वारसाला मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेपर्यंतच देणे लागते. मुलाने केवळ पुत्रधर्म म्हणून बापाचे कर्ज फेडावे हे जुने बंधन 2005 च्या हिंदू वारसा दुरुस्तीने 9 सप्टेंबर 2005 नंतरच्या कर्जांसाठी संपवले. मुलीला वाट्याची जमीन मिळाली असेल तर त्या प्रमाणात देण्याचा भारही तिच्याकडे येतो, भावांनी तो वाटणीच्या वेळीच बोलून घ्यावा.

उरतो प्रत्यक्ष फेडीचा भाग. परत येण्याआधी, परदेशात पगार चालू असतानाच, बँकेकडून लेखी खातेउतारा मागवावा आणि सहकर्जदार-जामीनदारांची नावे त्यात तपासावीत. आपल्या आठवणीपेक्षा तिथे एखादे नाव जास्तच निघते. स्वतः येता येत नसेल तर वकीलपत्रासारखे मुखत्यारपत्र भारतीय दूतावासातून साक्षांकित करून पाठवता येते. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो, हे विसरल्याने अनेकांची तडजोड अडते. एकरकमी परतफेडीत बँक किती सोडते हे कर्ज किती जुने आणि तारण काय यावर ठरते. शेतजमीन तारण असेल तर बँकेला कोर्टाशिवाय तारण जप्त करू देणारा सरफेसी कायदा तिला लागू होत नाही, बँकेला कोर्टात किंवा 20 लाखांवरच्या प्रकरणात नागपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात जावे लागते. तडजोडीला बसताना ही गोष्ट आपल्या बाजूची आहे. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिच्यावर अपील नाही आणि भरलेले कोर्ट-शुल्क परत मिळते. तडजोडीच्या पत्रात मात्र एक ओळ आग्रहाने लिहून घ्यावी: जामीनदार आणि सहकर्जदार पूर्णपणे मुक्त झाले. ती नसेल तर उरलेल्या रकमेसाठी त्यांच्या मागे लागण्याची फट राहते. ज्यांनी आपल्यासाठी हप्ते भरले त्यांची रक्कम बँकेच्या तडजोडीत धरली जात नाही, ती वेगळी काढून त्यांच्या हातात द्यावी, आणि कागद नसला तरी आकडा त्यांनीच सांगावा, आपण घासाघीस करू नये.

शेवटची गोष्ट सातबाराची. कर्ज फिटले की इतर हक्कांच्या रकान्यातला बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आपोआप जात नाही. बँकेचा निल दाखला घेऊन ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे बोजा कमी करण्याचा अर्ज द्यावा लागतो, फेरफार मंजूर व्हावा लागतो. कित्येक घरांत कर्ज फिटून वर्षे झाली तरी वडिलांच्या किंवा जामीनदाराच्या सातबारावर बँकेचे नाव तसेच असते, आणि पुढच्या पीककर्जाला ते आडवे येते. गावी परतलेल्याने परत जाण्यापूर्वी स्वतःचा आणि जामीनदाराचा, दोन्ही सातबारे नव्याने काढून तो रकाना वाचावा, आणि नाव दिसले तर अर्जाची पोच घेतल्याशिवाय परतीचे तिकीट काढू नये.